दगडावरचा एक ‘त’

नदी शेतात शिरली आहे. तांबूस, गढूळ पाणी बांध ओलांडून वस्तीच्या उंचवट्यापर्यंत आलं आहे आणि कुणाच्याही चेहऱ्यावर भीती नाही. उलट लोक खूश आहेत. पूर म्हणजे गाळ, गाळ म्हणजे पीक, पीक म्हणजे वर्षभराची भाकरी. तुम्ही पाण्याच्या कडेला उभे आहात. अंगावर जाडसर लिननचं वस्त्र, डोळ्यांत काजळ, हातात पाण्याचं छोटं मातीचं भांडं. हे भांडं सांडू द्यायचं नाही, आजचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे.

या देशाला इथले लोक केमेत म्हणतात, म्हणजे काळी जमीन. शहराचं नाव वासेत. ग्रीक लोक पुढे त्याला थीब्ज म्हणतील, आणि तुमच्या काळात इथे लक्सर असेल. समोरच्या भिंतींच्या पलीकडे आमून देवाचं मंदिर आहे, इपेत-सुत, ज्याला तुम्ही कर्नाक म्हणता. साल आहे इसवी सनापूर्वी १४७३च्या आसपासचं. पण इथे कुणी तसं मोजत नाही. इथे राजाचं वर्ष मोजतात. आज सातवं वर्ष चालू आहे.

वर्ष ७

मंदिराच्या आवारात एक म्हातारा मांडी घालून बसला आहे. तो आखणी करणारा लेखनिक. त्याच्या मांडीवर लाकडी पट्टी, पट्टीत दोन वड्या: एक काजळीची काळी, एक गेरूची लाल. बोरूचं टोक चावून चावून त्याने त्याचा कुंचला केला आहे. तुम्ही भांडं ठेवता. तो बोरू बुडवतो, लाल वडीवर फिरवतो, आणि तुम्हाला दोऱ्याचं एक टोक धरायला सांगतो. गेरूत भिजवलेला दोरा भिंतीवर ताणून सोडला की सरळ लाल रेघ उमटते. अशा आडव्या-उभ्या रेघांची चौकट तयार झाल्याशिवाय एकही अक्षर भिंतीवर चढत नाही.

“आज कुणाचं नाव लिहायचं? राणीसाहेबांचं?” तुम्ही विचारता.

म्हाताऱ्याचा हात थांबतो. “राणीला आम्ही हेमेत-नेसू म्हणतो, बाळ. राजाची बायको. ती होती तशी. आज मात्र राजाचं नाव लिहायचं आहे.”

ती म्हणजे हातशेपसुत. पहिल्या थुतमोसची मुलगी, दुसऱ्या थुतमोसची सावत्र बहीण आणि पट्टराणी, आमून देवाची ‘देवपत्नी’. नवरा गेला तेव्हा तिच्या पोटी एकच मुलगी होती, नेफेरुरे. गादीवर बसला तो इसेत नावाच्या दुसऱ्या स्त्रीचा मुलगा, तिसरा थुतमोस, अगदीच लहान. त्याच्या वतीने हातशेपसुतने कारभार हाती घेतला. इथपर्यंत कुणाला नवल वाटलं नाही, कारण लहान राजाची पालक म्हणून राज्य सांभाळणाऱ्या बायका या देशाने आधीही पाहिल्या होत्या. आता मात्र ती पालक उरलेली नाही, स्वतः राजा झाली आहे. मुलाला तिने गादीवरून हटवलेलं नाही. वर्षं अजूनही त्याच्याच राज्यारोहणापासून मोजली जातात. भिंतीवर दोघंही राजे दिसतील, फक्त पुढे ती असेल.

आणि राजा व्हायचं म्हणजे पाच नावं घ्यायची.

इथे नाव हा ओळखीपुरता शब्द नाही. माणसाच्या घडणीत जसं शरीर, तसंच नाव. ज्याचं नाव कोरलेलं आहे आणि उच्चारलं जातं तो मेल्यानंतरही असतो. ज्याचं नाव पुसलं तो दुसऱ्यांदा मरतो, कायमचा. म्हणून राजाची नावं विद्वान पुरोहित विचार करून रचतात. त्या नावांत राज्याचा जाहीरनामा असतो: हा राजा कुणाचा, कशाच्या बळावर उभा, देशाला काय देणार. हातशेपसुत पुढे आपल्या मंदिराच्या भिंतीवर कोरून घेईल की, वडिलांनीच तिला दरबारासमोर राजा म्हणून उभं केलं, पुरोहितांना बोलावून तिची नावं जाहीर करायला लावली, आणि राज्याभिषेकासाठी वर्षाचा पहिला दिवस निवडला. वडील तर केव्हाच गेलेले आहेत. पण गादीवरचा हक्क वडिलांकडून यावा लागतो, म्हणून तिच्या भिंतीवर वडील जिवंत आहेत.

म्हातारा पहिलं नाव घेतो. आधी एक उभा आयत, खाली राजवाड्याच्या दर्शनी भिंतीसारखी नक्षी, वर बसलेला ससाणा. हे होरस-नाव, सगळ्यांत जुनं. आयतात तो लिहितो: वोसरेत-काउ. काउ म्हणजे प्राणशक्ती, वोसरेत म्हणजे सामर्थ्यवती. तुमच्या शेजारी बसलेला दुसरा लेखनिक मान वर करतो. तिच्या वडिलांचं, नवऱ्याचं आणि त्या लहान राजाचंही होरस-नाव एकाच शब्दाने सुरू होतं: का-नाख्त, बलवान बैल. इथे तो बैल नाही. तो गाळला आहे. तिने खोटं नाव घेतलेलं नाही, आणि सामर्थ्याचा दावाही सोडलेला नाही.

दुसरं नाव दोन देवींचं. वरच्या इजिप्तची गिधाडरूपी नेखबेत आणि खालच्या इजिप्तची नागरूपी वाजेत, दोघी टोपल्यांवर बसलेल्या. या नावाने राजा दोन्ही प्रदेशांना एका छत्राखाली आणतो. तिचं नाव वाजेत-रेनपुत, हिरव्यागार वर्षांची. शब्दात हिरवेपणा आहे आणि त्या नागदेवीचं नावही आहे. बाहेर शेतात पाणी चढलेलं असताना हे नाव ऐकणाऱ्याला पुरोहितांनी समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं सोन्याच्या होरसचं, नेत्जेरेत-खाउ: जिचं दर्शन दिव्य आहे. खाउ हा शब्द सूर्य क्षितिजावर उगवतो त्यासाठीही वापरतात आणि राजा सिंहासनावर प्रकटतो त्यासाठीही.

चौथ्या नावाला म्हातारा हात स्वच्छ धुतो. हे राज्याभिषेकाचं नाव. त्याच्या आधी एक लव्हाळ्याची काडी आणि एक मधमाशी, वरच्या आणि खालच्या इजिप्तच्या खुणा. मग दोराचा लांबट वेढा, खाली गाठ बांधलेला. सूर्य जेवढ्या जगाला वेढा घालतो तेवढं सारं या राजाचं, असा त्याचा अर्थ. पुढे नेपोलियनबरोबर आलेल्या फ्रेंच सैनिकांना हा वेढा बंदुकीच्या काडतुसासारखा दिसेल आणि ते त्याला कार्तूश म्हणू लागतील. आपल्या मराठीतलं काडतूस त्याच युरोपीय कुळातलं. वेढ्याच्या आत म्हातारा सूर्याचं बिंब काढतो, खाली बसलेली देवी माआत, आणि वर उचललेले दोन हात. माआतकारे. माआत म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी. सत्य हाच रे देवाचा प्राण, असं या नावाचं म्हणणं. सूर्य वाचताना शेवटी येतो, पण लिहिताना पहिला मान त्याचा.

पाचवं नाव जन्माचं. त्याच्या आधी बदकाचं चित्र, शेजारी सूर्य: सा-रे, रे देवाचा मुलगा. हे बिरुद हजार वर्षांहून जुनं आहे. म्हातारा बदक काढतो, सूर्य काढतो, आणि मधल्या जागेत एक छोटा अर्धगोल. तव्यावरची भाकरी अर्धी करून ठेवावी तसा.

“हे काय?” तुम्ही विचारता.

“पाव,” तो म्हणतो. “वाचायचा ‘त’. सा म्हणजे मुलगा. सात म्हणजे मुलगी.”

तुम्ही पुन्हा भिंतीकडे बघता आणि तो अर्धगोल तुम्हाला सगळीकडे दिसू लागतो. वोसरेतमध्ये तोच, वाजेतमध्ये तोच, नेत्जेरेतमध्ये तोच. आता तो शेवटच्या वेढ्यात लिहितो आहे: ख्नेमेत-आमून हातशेपसुत, आमूनशी एकरूप झालेली, थोर स्त्रियांमध्ये अग्रगण्य. तिथेही तोच. या भाषेत शब्दाच्या शेवटी हा ‘त’ आला की शब्द स्त्रीलिंगी होतो. पाची नावं राजाची आहेत, आणि त्यांतल्या चार नावांत ती स्त्री आहे.

वर्ष ९

नदीच्या पश्चिम काठावर या. अंगावर येणाऱ्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी तीन टप्प्यांचं मंदिर चढत चाललं आहे. सरळ खांब, रुंद उतरण, पांढरा चुनखडीचा दगड. नाव जेसेर-जेसेरू, पवित्रांत पवित्र. पुढे लोक याला देर अल-बहारी म्हणतील. कामावर देखरेख करणाऱ्यांत सेनेनमुत आहे, राजघराण्याचा नसूनही दरबारात सर्वांत वर पोचलेला कारभारी. त्याच्या आईवडिलांच्या थडग्यात ठेवलेल्या मातीच्या घड्यांवर सातव्या वर्षाची नोंद आहे, आणि काही घड्यांवर माआतकारे हे नवं नाव उमटवलेलं आहे. हातशेपसुत तेव्हा राजा झाली होती, हे तुमच्या काळातल्या संशोधकांना त्या घड्यांवरूनच कळेल.

या वर्षी पुंत देशाकडे गेलेली गलबतं परत आली आहेत. तांबड्या समुद्राने दक्षिणेला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे. मधल्या ओसरीत कारागीर तो प्रवास कोरत आहेत. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या झोपड्या, त्यांना शिड्या. पुंतचा प्रमुख पारेहू आणि त्याची स्थूल बायको आती. गलबतांच्या खाली तांबड्या समुद्रातले मासे, इतके नीट काढलेले की तुमच्या काळातले अभ्यासक त्यांच्या जाती ओळखतील. फळ्यांवरून चढवला जाणारा माल: सोनं, हस्तिदंत, आबनूस, वानरं, आणि मुळांसकट टोपल्यांत ठेवलेली ३१ धूपझाडं. नाक भरून श्वास घ्या. तो कडवट-गोड वास त्या ढिगांचा आहे. आमूनसमोर मापं घालून धूप मोजला जातो आहे.

एका भिंतीपाशी थांबा. इथे राजाची आकृती आहे. रुंद छाती, आखूड वस्त्र, हनुवटीला बांधलेली सरळ दाढी. पुरुष. तुम्ही गोंधळता. तिने स्त्री असणं लपवायचं ठरवलं का?

आता आकृतीच्या बाजूची अक्षरं वाचा. रे देवाची मुलगी. तिची आज्ञा. तिला प्रिय असलेला. दाढीच्या शेजारी तो अर्धा पाव शांतपणे बसला आहे. राजाचं रूप या देशात पंधराशे वर्षांपासून ठरलेलं आहे आणि देवासमोर ते तसंच उभं राहिलं पाहिजे, म्हणून आकृती पुरुषाची. ते रूप पदाचं आहे. पदावर कोण बसलं आहे ते अक्षरं सांगतात.

वर्ष १६

पुन्हा कर्नाक. पूर ओसरायच्या आत जड दगड उतरवून घ्यायचे असतात. दक्षिणेला अस्वानच्या खाणीत लोकांनी काळ्या कठीण दगडाचे गोटे दोन्ही हातांत धरून ग्रॅनाइट ठेचला, दिवसामागून दिवस, कारण त्यांच्याकडची तांब्याची हत्यारं त्या खडकावर बोथट होतात. असे दोन अखंड स्तंभ निघाले. नदीतून ते इथे आले आणि तिच्या वडिलांनी बांधलेल्या दालनात उभे राहिले. त्यांतल्या एकाची उंची सुमारे २९.५ मीटर आहे, वजन ३०० टनांहून अधिक. वरचा भाग सोने-चांदीच्या मिश्रधातूने मढवला आहे. सकाळी ऊन टोकाला लागलं की नदीपलीकडूनही तो झगमगतो. पायथ्याच्या लेखात कोरलं आहे की काम पंधराव्या वर्षी सुरू झालं आणि सोळाव्या वर्षी संपलं, सात महिन्यांत.

त्याच लेखात एक ओळ आहे जी फुशारक्यांनी भरलेल्या राजलेखांत सहसा सापडत नाही. तिथे ती आपल्या मनाची घालमेल सांगते: पुढच्या वर्षांत जे लोक माझी ही कामं पाहतील, ते काय बोलतील?

म्हातारा आता फार थकला आहे. तो तुमच्याकडून ती ओळ वाचून घेतो. मग बोटाने भिंतीवरचं नाव चाचपतो, जसं आपण घराच्या उंबऱ्यावरून हात फिरवतो. माआतकारे. दगडात खोल कोरलेलं.

वर्ष ४२ नंतर

ती गेली बाविसाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी १४५८च्या सुमाराला. तिसरा थुतमोस एकटा राजा झाला, सैन्य घेऊन मेगिद्दोवर गेला, आणि इजिप्तच्या इतिहासातला मोठा विजेता ठरला. पुष्कळ लोक समजतात की सावत्र आई मेल्याबरोबर त्याने सूड उगवला. तसं झालं नाही. जवळजवळ वीस वर्षं तिची नावं भिंतींवर तशीच राहिली.

आज मात्र पाथरवट आले आहेत. छिन्नी, लाकडी हातोडी, शिडी. तुम्ही बाजूला उभे राहा, कपची डोळ्यांत जाईल. ते नाव शोधतात, दोराच्या वेढ्यावर छिन्नी ठेवतात, आणि घाव घालतात. जिथे तिची आकृती होती तिथे आता तिच्या बाह्यरेषेचाच खड्डा. काही वेढ्यांत तिचं नाव खरवडून तिच्या वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कोरलं जातं. देर अल-बहारीतले तिचे पुतळे फोडून जवळच्या खड्ड्यांत टाकले जातात. कर्नाकमधलं तिचं तांबड्या दगडाचं देवालय उतरवलेलं आहे. त्याचे दगड पुढे दुसऱ्या राजाच्या दरवाजाच्या पोटात भराव म्हणून जातील. स्तंभांभोवती भिंत उभी राहते.

यात राग दिसत नाही, योजना दिसते. थुतमोस म्हातारा झाला आहे, त्याचा मुलगा आमेनहोतेप गादीवर यायचा आहे, आणि वंशाची ओळ बापाकडून मुलाकडे सरळ जाताना दिसावी अशी गरज आहे. त्या ओळीत मध्ये एक स्त्री राजा बसत नाही. सुमारे दीडशे वर्षांनी सेती राजा अबायडोसच्या मंदिरात आपल्या पूर्वज राजांची यादी कोरेल, तिच्यात हातशेपसुत नसेल.

पण पाथरवट थकलेला आहे. त्याला सांगितलेलं काम नाव खोडायचं आहे. तो नाव खोडतो आणि शिडी पुढे सरकवतो. काही ठिकाणी, वेढ्याच्या बाहेर, बदकाशेजारचा तो छोटा अर्धा पाव राहून जातो. क्रियापदाच्या टोकाला राहून जातो. सर्वनामात राहून जातो. पुरुषाचं नाव, पुरुषाची दाढी, आणि मागे रेंगाळणारा स्त्रीलिंगी ‘त’.

इ.स. १८२९

आता वाळू कमरेपर्यंत आहे. देर अल-बहारीच्या मंदिराच्या माथ्यावर जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष. ऊन तेच. तुमच्या पुढे एक फ्रेंच माणूस भिंतीला नाक लावून उभा आहे. झाँ-फ्रांस्वा शांपोलियाँ. सात वर्षांपूर्वी त्याने ही लिपी वाचण्याची किल्ली शोधली, आणि सुमारे चौदा शतकांनंतर या भिंती पुन्हा बोलू लागल्या. या लिपीत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे उच्चार तो चाचपडत ठरवतो. पण व्याकरण चाचपडत नाही.

त्याच्या पुढच्या भिंतीवर दाढीचा राजा आहे, आणि त्याच्याबद्दलची नामं आणि क्रियापदं स्त्रीलिंगी आहेत. त्याला हे विलक्षण वाटतं. या राजाचं नाव कुठल्याही यादीत नाही. तो ते चुकीचं वाचतो, नात्यांची जुळणीही चुकवतो. पण त्याला जे दिसलं ते तो लिहून ठेवतो, आणि पुढच्या संशोधकांना धागा मिळतो. आपल्याकडे म्हणतात, ‘त’वरून ताकभात ओळखावा. शांपोलियाँला या भिंतीवर शब्दशः ‘त’च सापडला होता. त्यावरून पुढे एक अख्खं राज्य ओळखलं गेलं.

नंतर खड्ड्यांतल्या पुतळ्यांचे तुकडे बाहेर आले. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या उत्खननात ते हजारोंनी सापडले आणि जोडले गेले. दरवाजाच्या पोटात भरलेले तांबडे दगड निघाले. तिच्या देवालयाचा ज्यांनी मोडून भराव केला, त्यांनी ते ऊन-वाऱ्यापासून जपूनही ठेवलं होतं. ते आज कर्नाकच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभं आहे. स्तंभाभोवतीच्या भिंतीनेही झाकलेल्या अक्षरांची राखणच केली.

आज

डोळे उघडा. कर्नाकच्या दालनात गर्दी आहे, कुणीतरी मोबाइल वर धरला आहे. तिच्या दोन स्तंभांपैकी एक पडला. त्याचं टोक पवित्र तळ्याजवळ आहे आणि त्यावरची तिची आकृती जवळून पाहता येते. दुसरा उभा आहे. इजिप्तमध्ये आज उभ्या असलेल्या अशा स्तंभांत तो सर्वांत उंच.

पायथ्याशी जा. तिथे तिचा प्रश्न अजून कोरलेला आहे: पुढे येणारे लोक काय बोलतील? हा प्रश्न तुम्हाला आहे, कारण तुम्हीच ते पुढे आलेले लोक आहात.

उत्तर देताना तिला राणी म्हणू नका. राणीपद तिच्याकडे आधीपासून होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर तिने पाच नावं घेतलीच नसती. पुरुषाच्या वेषातली स्त्री असंही म्हणू नका, कारण तिने आपलं बाईपण दगडात पुनःपुन्हा लिहून ठेवलं आहे. आपली भाषा या कामी फार चांगली आहे. मराठीत नाम एका लिंगाचं आणि क्रियापद दुसऱ्या लिंगाचं ठेवून, काहीही न मोडता, तिच्या पाच नावांनी जे सांगितलं ते तीन शब्दांत सांगता येतं. तो स्तंभ समोर आहे. मोठ्याने म्हणा.

हातशेपसुत राजा होती.